शरीराला कारण कशाला?

जर्मनीत चार वर्षं काढलेल्या प्रत्येक मराठी माणसाकडे सॉनाचा एक किस्सा असतोच. मंडळाच्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत असे चार-पाच किस्से सहज होतात, आणि प्रत्येक वेळी बायका पदराआड (म्हणजे हल्ली ओढणीआड) हसतात आणि पुरुष आवाज चढवून सांगतात. माझाही आहे. मास्टर्स करायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात वसतिगृहातले मित्र मला पोहायला घेऊन गेले आणि तिथून सॉनात. मी पोहण्याची चड्डी घालून, वर टॉवेल घट्ट गुंडाळून आत शिरलो. बाकावर बसलेल्या एका साठीच्या बाईंनी मला समजावून सांगितलं, की चड्डी बाहेर ठेवायची आणि टॉवेल अंगाला नाही, लाकडावर अंथरायचा. घाम लाकडाला लागता कामा नये. आपल्या आजीने ‘पाटावर ओल्या पायाने बसू नको’ म्हणावं, तितक्याच सहजपणे त्या बोलल्या.

पहिली पाच मिनिटं मला वाटत होतं की सगळे माझ्याकडेच बघताहेत. मग लक्षात आलं की कुणीच बघत नाहीये. बघत होतो तो फक्त मी, आणि तेही स्वतःकडेच. तेव्हा माझ्या बरगड्या मोजता येत. आज पंचेचाळिशीत बरगड्या गेल्या आणि पोट आलं. लाज मात्र तीच राहिली. फक्त तिने जागा बदलली.

एवढी वर्षं मी हा किस्सा विनोद म्हणून सांगत आलो. तो विनोद नाही, हे कळायला गेल्या वर्षीचा उन्हाळा उजाडावा लागला. भारतातून नेहमीचा व्हिडिओ कॉल चालू होता. आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी माझ्या बारा वर्षांच्या मुलीला पाहून, अगदी मायेने, म्हटलं, ‘‘अगंबाई, किती काळवंडलीस! आणि जरा सुटलीस का गं?’’ आपल्याकडे हे ‘कशी आहेस’ इतकंच साधं वाक्य आहे. मीही हसलो. मुलगीही हसली. दोन महिन्यांनी शाळेतून पत्र आलं, की ती पोहण्याच्या तासाला दर वेळी काहीतरी कारण सांगून बाहेर बसते. दर वेळी कारण! हा शब्द माझ्या डोक्यात अडकून राहिला.

त्याच सुमारास मी रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा चित्रपट पाहिला. उशिराच म्हणायचं, कारण तो प्रदर्शित झाला २७ एप्रिल २०१८ रोजी. तोही कसा पाहिला? मुलगी झोपल्यावर, लॅपटॉपवर, हेडफोन लावून. ‘केवळ प्रौढांसाठी’ असं प्रमाणपत्र असल्यामुळे ती झोपण्याची वाट पाहिली हे ठीक. पण हेडफोन कशासाठी? चित्रपटात आवाजाने लाज वाटावी असं काहीच नाही!

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून यमुना मुलाला घेऊन गाव सोडते आणि मुंबईत चंद्राक्काकडे येते. चंद्राक्का सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कामाला जाते. तिथे ती विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसते, हे यमुनेला कळतं. आधी धक्का, मग नकार, आणि मग मुलाच्या शिक्षणासाठी होकार. कल्याणी मुळे यांची यमुना, छाया कदम यांची चंद्राक्का, चित्रकाराच्या लहानशा भूमिकेत नसीरुद्दीन शाह. पटकथा सचिन कुंडलकर यांची. शेवट सांगत नाही. तो ज्याने त्याने पाहावा.

चित्रपटापेक्षा त्याच्या नावावरच जास्त चर्चा झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘इंडियन पॅनोरमा’ची सुरुवात या चित्रपटाने करायचं परीक्षकांनी ठरवलं होतं. माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो यादीतून काढला आणि परीक्षकांचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये सेन्सॉर बोर्डाने एकही कट न सुचवता तो ‘ए’ प्रमाणपत्रासह मंजूर केला. म्हणजे चित्रपट ज्या भीतीविषयी बोलतो, तिची प्रचीती त्याने स्वतःच घेतली.

चित्रपट चांगला आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. जे. जे.च्या परिसरातच शिकलेल्या दिग्दर्शकाने तो वर्ग आतून ओळखून दाखवला आहे. कॅमेरा कुठेही अधाशी होत नाही. कल्याणी मुळे यांनी खांदे पाडून चालणारी बाई हळूहळू सरळ उभी राहायला लागते, हे संवादांवर न विसंबता दाखवलं आहे. मराठी चित्रपटाने या विषयाला इतक्या गांभीर्याने हात घालावा याचा अभिमान वाटतो.

पण दुसऱ्यांदा पाहताना मला काहीतरी खुपलं. यमुनेच्या शरीराला हा चित्रपट सारखा कारण देत राहतो. ती विवस्त्र बसते, कारण मुलाला शिकवायचं आहे. ते वाईट नाही, कारण ती कला आहे. विद्यार्थी तिच्याकडे आदराने पाहतात, कारण त्यांना शरीरशास्त्र शिकायचं आहे. मोठा चित्रकार तिला चार मोलाच्या गोष्टी सांगतो, म्हणजे पुन्हा एक कारण. आईपण, कला, शिक्षण, गरिबी अशी एकावर एक वस्त्रं चित्रपट तिच्या अंगावर चढवत जातो. जणू नुसतं यमुनेचं शरीर आहे आणि ते तिचं आहे, एवढं म्हणणं पुरेसं नाही.

मग मला जाणवलं, की आपल्याकडे उघड्या शरीराला बंदी कधीच नव्हती. आपल्याला फक्त कारण हवं असतं. नाशिकच्या कुंभमेळ्यात नागा साधू दिसतात आणि आपण हात जोडतो, कारण वैराग्य. दिगंबर जैन मुनी रस्त्याने जातात, कारण धर्म. कोल्हापूरच्या तालमीत लंगोट लावलेला पैलवान मिरवतो, कारण कसरत. उघडं बाळ गोड, कारण बाळ. ज्याच्यापाशी यातलं काहीच नाही, म्हणजे तुम्ही, मी, माझी मुलगी, त्याने आपलं शरीर झाकावं, आत ओढावं, उजळवावं, बारीक करावं. आणि पोहण्याच्या तासाला सबब शोधावी.

हे म्हणणं माझं आहे असं वाटलं तोच आठवण झाली, की हा वाद मराठीत एका माणसाने कधीच मांडून ठेवला होता. रघुनाथ धोंडो कर्वे! महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक, पॅरिसला राहून आलेले, संततिनियमनाच्या कामापायी विल्सन कॉलेजची नोकरी गमावलेले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते चालवलं. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे. लोक ते घडी घालून, दुसऱ्या मासिकात लपवून वाचत असणार. आम्हा हेडफोनवाल्यांचे ते पूर्वज! अश्लीलतेच्या आरोपाखाली कर्व्यांवर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला, दंड झाला, तरी कर्व्यांनी मासिक बंद केलं नाही.

कर्व्यांचं वेगळेपण असं, की ते नग्नतेला पावित्र्याची शाल पांघरत नाहीत. शरीर देवाचं मंदिर आहे, कला आहे, मातृत्व आहे, असलं काही नाही. शरीरात लाज वाटण्याजोगं काही नाही, हे त्यांच्या लेखी गणितातल्या गृहीतकासारखं आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी लाज वाटणाऱ्यावर. त्यांच्यावरचा अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) आणि अजित दळवींनी लिहिलेलं, अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ (२०१७) हे नाटक, दोन्हींत हा कोरडा, हट्टी गणिती नेमका भेटतो. तरी आज एक प्रश्न कर्व्यांनाही विचारावासा वाटतो. मुखपृष्ठावर स्त्रीच का? तीही सडपातळ, तरुण, घोटीव बांध्याची? लाज नको म्हणताना आपण कुठलं शरीर निवडतो, तिथे एक नवी लाज गुपचूप आत येते.

आता कुणी म्हणेल, मग आपण राहतो तो देश या बाबतीत आदर्शच की! इथे मुक्त शरीरसंस्कृतीची, म्हणजे सगळ्यांच्या परिचयाच्या ‘एफ. के. के.’ची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. बाल्टिकच्या किनाऱ्यावर पूर्व जर्मनीतली कुटुंबंच्या कुटुंबं विवस्त्र पोहायची. १९५६ मध्ये तिथल्या सरकारने नियम करून त्याला जागा दिली. २०२३ मध्ये बर्लिनच्या सार्वजनिक तलावांवर स्त्रियांनाही पुरुषांप्रमाणे वरचा कपडा न घालता पोहता येईल असं जाहीर झालं. ज्यांच्यात राहतो त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, यात वाद नाही.

पण हा इतिहास दिसतो तितका निरागस नाही. १९२५ मध्ये ऊफा कंपनीचा ‘वेगे त्सु क्राफ्ट उंड श्योनहाइट’ (सामर्थ्य आणि सौंदर्याचे मार्ग) हा चित्रपट आला. त्यात उघडी शरीरं आहेत, पण ती सगळी ग्रीक पुतळ्यांच्या मापाची. हान्स झुरेन यांचं माणूस आणि सूर्य यांच्यावरचं पुस्तक १९२४ मध्ये आलं आणि प्रचंड खपलं. १९३६ मध्ये त्याचीच आवृत्ती ‘आर्य’ हे विशेषण लावून निघाली. १९३८ च्या ‘ओलिम्पिया’त लेनी रीफेनश्टाल पुतळ्यातून खेळाडू जिवंत करते, ते दृश्य आजही श्वास रोखायला लावतं आणि आज त्याची भीतीही वाटते. दुसरीकडे बर्लिनमध्ये कामगारांच्या मुलांना उघड्या अंगाने व्यायाम शिकवणारे आडोल्फ कोख हेही याच चळवळीतले, आणि १९३३ मध्ये नाझींनी त्यांची शाळा मोडली. म्हणजे कपडे काढल्याने माणूस मोकळा होतोच असं नाही. कपडे काढूनही हातात मोजपट्टी राहू शकते.

मोजपट्टीवरून आठवलं. ज्या १९२७ साली गिरगावकर कर्व्यांनी मासिक काढलं, त्याच साली बर्लिनच्या डालेम भागात मानववंशशास्त्राची काइझर विल्हेल्म संस्था उघडली. तिचे संचालक ओयगेन फिशर. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करायला एक मराठी बाई आल्या. त्या म्हणजे इरावती कर्वे, रघुनाथरावांच्या धाकट्या भावाच्या पत्नी! त्यांना काम मिळालं कवट्या मोजण्याचं. मानवी कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्यात वंशानुसार फरक असतो आणि त्यातून युरोपियनांचं श्रेष्ठत्व दिसतं, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी शंभराहून अधिक कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की वंशाचा आणि या असमानतेचा संबंध नाही. १९३० मध्ये, त्या गुरूसमोर, त्या संस्थेत! पुढे फिशर नाझींच्या वंशविचाराचे मोठे आधारस्तंभ झाले. ती इमारत आजही आहे आणि बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्र शिकवण्यासाठी वापरली जाते. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई आपल्याला माहीत असतात. माणसाच्या शरीराला माप लावून त्याची किंमत ठरवता येत नाही, हे आकड्यांनिशी सांगणाऱ्या इरावतीबाईही माहीत असायला हव्यात. ‘सुटलीस का गं’ आणि ‘काळवंडलीस’ हीसुद्धा मापंच आहेत. लहान, घरगुती, मायेची. पण मापंच.

तेव्हा आपल्याकडे कारण मागतात आणि इथे माप लावत असत. मग शरीराशी सुखाने नांदणं दिसतं तरी कसं? मला त्याचं उत्तर कामानिमित्त ब्रेमेनला असताना मिळालं. तिथल्या ब्यॉटशरश्ट्रासेत पाउला मोडरझोन-बेकर या चित्रकर्तीचं संग्रहालय आहे. कॉफीचे व्यापारी लुडविग रोझेलियस यांनी ते उभारलं, आणि एका स्त्री चित्रकाराला वाहिलेलं ते जगातलं पहिलं संग्रहालय मानतात. उघडलं कधी? पुन्हा १९२७! आम्हा आय.टी.वाल्यांना अशा जुळणाऱ्या आकड्यांचं उगाच अप्रूप असतं, पण ते सोडून देऊ.

तिथे पाउलाचं १९०६ चं स्वतःचं चित्र आहे. नवऱ्याला सोडून ती पॅरिसला आली होती. कमरेपर्यंत उघडी, गळ्यात पिवळ्या अंबरमण्यांची माळ, कमरेला पांढरं वस्त्र, दोन्ही हात पोटाच्या वरखाली. पोट गरोदर बाईसारखं पुढे आलेलं, आणि गंमत म्हणजे तेव्हा ती गरोदर नव्हती. खाली तिने लिहून ठेवलं आहे, की हे मी तिसाव्या वर्षी, लग्नाच्या सहाव्या दिनी रंगवलं. सही फक्त माहेरच्या आद्याक्षरांची. पुढच्याच वर्षी, मुलीच्या जन्मानंतर काही दिवसांतच ती गेली. तीस वर्षांनी नाझींनी तिची चित्रं ‘अधःपतित कला’ म्हणून हटवली. मापात न बसणारं शरीर त्यांना कसं चालणार?

या चित्रापुढे उभं राहिल्यावर ‘न्यूड’मध्ये मला काय खुपलं ते नीट कळलं. यमुनेला नेहमी दुसरं कुणीतरी रंगवतं. विद्यार्थी रंगवतात, मोठा चित्रकार रंगवतो, आणि दिग्दर्शकही. तिचं शरीर सुंदर आहे हे तिला दुसऱ्याच्या कागदावरून कळतं. पाउला मात्र स्वतःच मॉडेल आहे आणि स्वतःच चित्रकार. ती आपल्याकडे बघते ती मान किंचित कलती करून, आरशात बघावं तशी. आपण तिथे असलो काय, नसलो काय. तिने कुणालाही कारण दिलेलं नाही.

आता माझ्याच म्हणण्यावरचा आक्षेप मीच मांडतो. पाउलाचा नवरा चित्रकार होता आणि ती सोडून गेली तरी तिला पैसे पाठवत होता. यमुनेला मुंबईत खोलीचं भाडं भरायचं आहे. चांगली नोकरी असलेल्या पुरुषाने, सॉनाचं तिकीट काढून, गरम लाकडावर बसून ‘शरीराला कारण लागत नाही’ म्हणणं फार सोपं आहे. यमुना कारणाशिवाय कपडे उतरवेल तर तिचा समाज तिला जगू देणार नाही. कारण हे तिचं शेवटचं पांघरूण आहे. चित्रपटाने ते तिच्याकडून काढून घेतलं नाही, यात दिग्दर्शकाचा भित्रेपणा नसून जबाबदारी असेल. हे मला मान्य आहे.

तरीही चित्रपटाने स्वतःच एक वाट दाखवून ठेवली आहे, असं मला वाटतं. ती म्हणजे चंद्राक्का. छाया कदम यांनी ही बाई अशी उभी केली आहे, की तिला स्वतःचं समर्थन करताना आपण फारसं पाहत नाही. तीही हे काम जगापासून लपवतेच, पण स्वतःपासून लपवत नाही. काम आहे, करते, थकते, हसते. शरीर तिच्यासाठी देवघर नाही आणि गुन्हाही नाही. माझ्या दृष्टीने या चित्रपटातलं सर्वांत मोकळं माणूस तीच आहे. नायिका यमुना आहे, कारण तिच्याकडे त्यागाची गोष्ट आहे आणि आपल्याला त्यागाशिवाय नायिका रुचत नाही. चंद्राक्काला केंद्रस्थानी ठेवून हीच कथा सांगितली असती तर कदाचित रघुनाथराव कर्व्यांच्या जवळचा चित्रपट झाला असता.

असो. ‘न्यूड’ मुलीला दाखवायला अजून काही वर्षं आहेत. पण ब्रेमेनला मी तिला घेऊन गेलो. काही समजवायचं नाही असं ठरवलं होतं. ती त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग जर्मनमध्ये म्हणाली, ‘‘हिचं पोट माझ्यासारखं आहे.’’ मी विचारलं, ‘‘मग?’’ ती म्हणाली, ‘‘मग काही नाही, बाबा.’’ आणि पुढच्या दालनात गेली. तिथून निघताना मला कळलं, की गेल्या उन्हाळ्यात मी हसलो होतो याची माफी तिच्याकडे अजून मागितली नव्हती. ती परतीच्या गाडीत मागितली. तिने एक कानातलं हेडफोनचं बोंडूक काढून ऐकलं आणि परत घातलं.

ती पोहायला जायला लागली का? एकदा गेली, एकदा नाही गेली. ही काही एका चित्राने सुटणारी गोष्ट नव्हे.

मंडळाच्या कार्यकारिणीला मात्र एक विनंती करतो. येत्या वर्षात प्रौढ सभासदांसाठी ‘न्यूड’चा एक खेळ ठेवावा आणि त्यानंतर चहा घेत चर्चा करावी. आणि एक प्रयोग सगळ्यांनी करून पाहावा. गणपतीत वर्षाने भेटलेल्या माणसाला ‘बारीक झालास’, ‘जाड झालीस’, ‘रंग उतरला गं’ यातलं काहीही न म्हणता संभाषण सुरू करायचं. मी गेल्या गणपतीत प्रयत्न केला. पहिलं मिनिटभर काय बोलावं ते सुचेना!